लिनक्सवर ॲडमिन होऊन प्रोग्राम चालवणं: कधी, कसं आणि कुठे हात आवरायचा

सर, तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेत, म्हणून मला काय समजलं ते आधी मांडतो. वसमतजवळच्या तुमच्या जिल्हा परिषद शाळेत कुणीतरी देणगी दिलेले जुने संगणक आहेत, त्यांवर लिनक्स मिंट 19.3 आहे. विंडोजमध्ये उजवं क्लिक करून प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवता यायचा, तसं इथे सापडेना. मग एक व्हिडिओ बघून तुम्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो नेमो' लिहिलं ('सुडो' म्हणजे पुढची आज्ञा ॲडमिनच्या अधिकाराने चालव, 'नेमो' म्हणजे मिंटचा फाइल मॅनेजर), फाइल मॅनेजर उघडला, त्यातून मराठी फॉन्ट टाकले आणि जाता जाता सहावीचं निकालपत्रकही तिथूनच उघडून दुरुस्त केलं. काम झालं. दुसऱ्या दिवशी मात्र काही फाइलींवर कुलपाचं चिन्ह दिसायला लागलं, निकालपत्रक सेव्ह होईना, आणि एका संगणकावर तर पासवर्ड बरोबर टाकला तरी पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिनवरच येऊन थांबतो. आता ही कटकटच नको, थेट रूट खात्याने, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याने, लॉगिन केलं तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारताय.

अडकलेला संगणक आधी सोडवू, कारण तुमचं काम खोळंबलंय. फॉरमॅट मारायची काहीही गरज नाही. खाली मी आज्ञा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजीत, 'कॅपिटल' म्हटलं नसेल तिथे लहान अक्षरांत आणि मधल्या मोकळ्या जागा तंतोतंत सांभाळून लिहा. 'डॅश' म्हणजे आडवी रेघ (-), तिच्यानंतर मात्र मोकळी जागा सोडायची नाही. तुमच्या खात्याचं नाव 'शाळा' आहे असं धरून चालतो.

लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबा. काळा पडदा येईल, त्यावर नाव विचारेल. तिथे नेहमीचं नाव आणि नेहमीचाच पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटणार नाही, तरी तो घेतला जातोय. आत गेल्यावर आधी 'डीएफ डॅश एच' लिहून डिस्क भरली आहे का ते बघा. डिस्क शंभर टक्के भरली असली तरी लॉगिन असंच गोल फिरतं, आणि तेव्हा खालचा उपाय कामाचा नाही. आधी थोडी जागा मोकळी करावी लागते. डिस्क मोकळी असेल तर 'एलएस डॅश एलए' लिहा. प्रत्येक ओळीत सुरुवातीला परवानग्यांची अक्षरं, मग एक आकडा आणि त्यानंतर मालकाचं आणि गटाचं नाव असतं. सगळीकडे 'शाळा शाळा' दिसायला हवं. ज्या ओळीत 'रूट रूट' दिसेल ती तुमची गुन्हेगार. टिंबाने सुरू होणाऱ्या नावांमध्ये 'एक्सऑथॉरिटी' आणि 'आयसीईऑथॉरिटी' या दोन फाइली नीट बघा. तुमच्या डेस्कटॉपला सुरू होताना या फाइलींमध्ये लिहायचं असतं. त्या रूटच्या नावावर गेल्या की डेस्कटॉप सुरू होता होताच कोसळतो आणि तुम्हाला पुन्हा दारात आणून सोडतो. यादीत सुरुवातीलाच दोन टिंबांची एक ओळ असते, तिच्यावर मात्र 'रूट' असायलाच हवं. ती वरच्या फोल्डरची ओळ आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता मालकी परत घ्यायची. आज्ञा अशी: 'सुडो चोन डॅश कॅपिटल आर शाळा:शाळा /होम/शाळा'. यातलं 'चोन' म्हणजे मालक बदलणारी आज्ञा, तिचं स्पेलिंग सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. एंटर दाबण्याआधी शेवटचा भाग दोनदा वाचा. 'होम'च्या आधीच्या तिरप्या रेघेनंतर चुकून मोकळी जागा पडली तर संगणक समजतो की तुम्हाला संपूर्ण डिस्कची मालकी बदलायची आहे, आणि तो निमूटपणे ती बदलत सुटतो. मग नव्याने लिनक्स टाकण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. आज्ञा बरोबर गेली तर काहीच उत्तर येत नाही, नुसती पुढची ओळ येते. मग 'सुडो रीबूट'. लॉगिन व्हायला पाहिजे, आणि निकालपत्रक त्याच होम फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, असेल तर तेही सेव्ह व्हायला लागेल.

आता हे झालं कामून, ते बघू.

विंडोजच्या सवयीने इथे घोटाळा होतो. विंडोजमध्ये तुम्ही 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' म्हणता तेव्हा तुम्ही तुम्हीच राहता, फक्त तुमच्या खात्याचे पूर्ण अधिकार त्या प्रोग्रामला मिळतात. लिनक्समध्ये सुडो लावल्यावर तो प्रोग्राम दुसऱ्याच माणसाच्या नावाने चालतो. त्या माणसाचं नाव रूट आणि त्याचा क्रमांक 0. तुमच्या 'शाळा' खात्याचा क्रमांक मिंटवर बहुधा 1000 असतो. प्रत्येक फाइलीवर मालकाचा क्रमांक लिहिलेला असतो आणि प्रत्येक चालू प्रोग्रामला चालवणाऱ्याचा क्रमांक चिकटलेला असतो. संगणक हे दोन क्रमांक ताडून बघतो आणि होय किंवा नाही म्हणतो. क्रमांक 0 असेल तर फाइलींच्या बाबतीत जवळजवळ काहीच विचारत नाही.

म्हणजे तुम्ही 'सुडो नेमो' म्हणालात तेव्हा फाइल मॅनेजर रूटच्या नावाने उघडला. त्यातून निकालपत्रकावर डबल क्लिक केलं, तर लिब्रे ऑफिससुद्धा रूटच्याच नावाने उघडलं, कारण एका प्रोग्रामने उघडलेला दुसरा प्रोग्राम त्याचाच क्रमांक घेऊन येतो. मग त्याने जे नवं लिहिलं ते रूटच्या मालकीचं झालं. ग्रामपंचायतीचा शिक्का एका दाखल्यापुरता मागून आणला आणि हाताशी आहेच म्हणून घरच्या वह्यांवरही मारला, तर उद्या त्या वह्या दप्तरात जमा होणार, तसा हा प्रकार.

त्यात तुमच्या आवृत्तीची एक वेगळी खोड आहे. मिंट 19.3 हे उबंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या 18.04 या आवृत्तीवर उभं आहे. त्या काळच्या उबंटूत सुडो लावलं तरी 'घर' तुमचंच राहायचं. म्हणजे प्रोग्राम रूटच्या नावाने चालायचा पण आपल्या सेटिंग्ज तुमच्या होम फोल्डरमध्ये लिहायचा. म्हणून तुमच्याच घरात रूटच्या नावाच्या फाइली पडल्या. उबंटू 19.10 पासून हे बदललं, आता सुडोखाली घर म्हणजे रूटचं घर धरलं जातं. त्यामुळे नव्या मिंटवर कुणी 'मी हेच केलं, मला काही झालं नाही' म्हणालं तर तो खोटं बोलत नाही. निकालपत्रकाची गत मात्र नव्या आवृत्तीतही तुमच्यासारखीच झाली असती.

तेव्हा ॲडमिन कसं व्हायचं यापेक्षा, हातातलं काम कुणाच्या मालकीच्या वस्तूला हात लावतंय, हे आधी ठरवायला लागतं. मी लातूरला एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळतो. तिथे कुणी विद्यार्थी 'परवानगी नाकारली' असा संदेश घेऊन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो: कोणती फाइल, ती कुठे आहे, आणि कुणाची आहे? उत्तर '/होम'च्या आत असेल तर सुडो लावायचंच नाही, मग मालकी का बिघडली ते शोधायचं. उत्तर '/यूएसआर' किंवा '/ईटीसी'च्या आत असेल तर ती सगळ्या संगणकाची मालमत्ता आहे, तिथे सुडो योग्य.

तुमचंच फॉन्टचं उदाहरण घ्या, त्यात हे छान दिसतं. फॉन्ट फक्त तुम्हाला हवा असेल तर तो होम फोल्डरमध्ये '.लोकल/शेअर/फॉन्ट्स' इथे टाका. हे फोल्डर नसेल तर तयार करा. टिंबाने सुरू होणारी फोल्डरं लपलेली असतात, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. यासाठी कुठलाच पासवर्ड लागत नाही. मुलांच्या खात्यांनाही तोच फॉन्ट हवा असेल तर तो '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स'मध्ये जायला पाहिजे, आणि ती जागा सगळ्यांची असल्यामुळे तिथे नकल करताना सुडो लागणारच. तिसरा रस्ता सगळ्यात सोपा: देवनागरीचे लोहित फॉन्ट सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तयार मिळतात, तिथून टाकले की पुढची देखभालही आपोआप होते. काम एकच, पण सुडो लागेल का हे कुणासाठी करताय त्यावर ठरलं. म्हणून 'फॉन्ट टाकायला सुडो लागतं का' असं कुणी विचारलं तर मला होय किंवा नाही म्हणता येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, चालवायचं कसं. टर्मिनलमधल्या आज्ञेला पुढे 'सुडो' लावायचं, उदाहरणार्थ 'सुडो एपीटी अपडेट'. पासवर्ड विचारतो तो तुमचा स्वतःचा, रूटचा वेगळा पासवर्ड नसतो. मिंटवर सुडोला पासवर्ड देताना चांदण्या उमटतात, काळ्या पडद्यावरच्या लॉगिनला मात्र नाही. उबंटूच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत आणि डेबियन या आणखी एका लिनक्सवर सुडोलाही काहीच उमटत नाही, आणि कीबोर्ड बिघडला समजून लोक घाबरतात. एकदा पासवर्ड दिला की त्या टर्मिनलमध्ये 15 मिनिटं पुन्हा विचारत नाही. शाळेत हे लक्षात ठेवा. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि टर्मिनल उघडंच राहिलं, तर ती 15 मिनिटं मागच्या बाकावरच्या पोराची. उठताना 'सुडो डॅश के' लिहिलं की ही सवलत तिथेच संपते, किंवा सरळ टर्मिनल बंद करा.

खिडकीवाल्या प्रोग्रामांचं वेगळं आहे. अपडेट मॅनेजर, सॉफ्टवेअर मॅनेजर, डिस्कचा प्रोग्राम हे सगळे तुमच्याच नावाने उघडायचे, सुडो लावून नाही. त्यांना जेव्हा खरोखर अधिकार लागतो तेव्हा ते स्वतः पासवर्डाची चौकट काढतात, आणि फक्त तेवढं एक काम रूटच्या नावाने करून घेतात. यामागे पोलकिट नावाची व्यवस्था आहे. पूर्वी 'जीकेसुडो' नावाचा एक प्रकार होता, जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत तो अजून दिसतो. डेबियन आणि उबंटूने तो 2018 मध्ये काढून टाकला. तो सापडत नाही म्हणून शोधत बसू नका.

फाइल मॅनेजरच रूटच्या नावाने हवा असेल तर तुमच्या सिनॅमन डेस्कटॉपवर ते उजवं क्लिक आहे की! फोल्डरच्या मोकळ्या जागेत उजवं क्लिक करा, 'रूट म्हणून उघडा' अशा अर्थाचा पर्याय दिसेल. जी खिडकी उघडेल तिच्यावर लाल पट्टी असते. ती पट्टी दिसतेय तोवर फाइली इकडून तिकडे हलवा, नकल करा, पण कुठल्याही कागदपत्रावर डबल क्लिक करू नका. निकालपत्रकाचं जे झालं ते तिथूनच पुन्हा होईल. मी स्वतः हा पर्याय फार क्वचित वापरतो. '/ईटीसी'मधली एखादी फाइल दुरुस्त करायची असेल तर 'सुडो डॅश ई' आणि पुढे फाइलीचं नाव, असं लिहितो. यात गंमत अशी की फाइलीची तात्पुरती नकल तुमच्या नावाने उघडते, एडिटर तुमच्याच अधिकारात चालतो, आणि बंद केल्यावर फक्त बदललेला मजकूर रूटच्या नावाने मूळ जागी जातो.

आणखी दोन ठिकाणी नवखी माणसं हमखास अडकतात, ती चटकन सांगतो. 'सुडो सीडी' चालत नाही, कारण 'सीडी' हा स्वतंत्र प्रोग्राम नसून टर्मिनलच्या पोटातली सोय आहे, आणि सुडो फक्त प्रोग्राम चालवू शकतं. तसंच 'सुडो एको' (एको म्हणजे मजकूर उमटवणारी आज्ञा) लिहून मजकूर बाणाच्या चिन्हाने '/ईटीसी'मधल्या फाइलीत ढकलायला गेलात तर परवानगी नाकारली जाते. बाणाचं काम तुमचं टर्मिनल करतं, तुमच्याच नावाने. सुडोचा संबंध फक्त एकोपुरता येतो. तिथे उभ्या रेघेने मजकूर 'सुडो टी' या आज्ञेकडे द्यायचा. तिच्या स्पेलिंगमध्ये टी आणि दोन ई.

परवानगी नाकारली गेली की हात आपोआप सुडोकडे जातो, आणि बऱ्याच वेळा तो रोग दुसराच असतो. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल चालत नाही, कारण तिला 'चालवता येईल' हा शिक्काच नसतो. उजवं क्लिक करून गुणधर्मांत परवानग्यांमध्ये ती खूण करा, काम झालं. पेन ड्राइव्हवर असताना ही खूण टिकत नाही, कारण पेन ड्राइव्हच्या नेहमीच्या फॅट मांडणीत ही माहिती ठेवायला जागाच नसते. फाइल आधी होम फोल्डरमध्ये आणा. त्याच संगणकावर विंडोज 10 असेल आणि त्याच्या ड्राइव्हमध्ये काही लिहिता येत नसेल, तर विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट बंद झालेलं असतं. लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं आणि तिथे सुडोचंही काही चालत नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करणं हाच उपाय. सॉफ्टवेअर टाकताना 'लॉक मिळत नाही' असं आलं तर बहुतेक वेळा मागे अपडेट मॅनेजर काम करत असतो. पाच-दहा मिनिटं थांबा. ती लॉकची फाइल सुडोने पुसून टाका असा सल्ला जागोजागी मिळतो, तो ऐकू नका.

हार्डवेअरच्या बाबतीत सुडोऐवजी गट असतात. तुमच्या विज्ञान प्रदर्शनातली मुलं जमिनीतला ओलावा मोजणारा अर्डुइनो, म्हणजे छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जोडणार असतील, तर त्याच्यावर प्रोग्राम चढवताना परवानगी नाकारली जाईल. अर्डुइनोचा प्रोग्राम सुडोने चालवायचा मोह होईल. त्याऐवजी एकदाच 'सुडो ॲडयूझर शाळा डायलआउट' लिहा, लॉग आउट करून परत या, पुढे कधी सुडो लागणार नाही. प्रिंटर सांभाळायचा अधिकार असाच 'एलपीॲडमिन' गटातून मिळतो. इथे 'यूझरमॉड' वापरायला सांगणारे लेखही दिसतील. त्यात कॅपिटल जीच्या आधी लहान ए राहिला तर तुमचे आधीचे सगळे गट जातात, सुडोचा गटही जातो, आणि मग ते परत मिळवायला सुडोच हाताशी नसतं. नवख्याने ॲडयूझरच वापरावं असं माझं मत आहे.

अशा सगळ्या अडचणींवर एकच रामबाण म्हणून '777' सांगितलं जातं, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या. होम फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीवर केलंत तर फार मोठं नुकसान नाही, नुसता आळशीपणा आहे. पण कुणी '/यूएसआर'वर हे आत शिरून सगळ्या फाइलींना लावलं, तर सुडोच मरतं. सुडोच्या फाइलीवर एक खास खूण असते, तिच्यामुळे ती कुणीही चालवली तरी रूटच्या नावाने सुरू होते. 777 ने ती खूण पुसली जाते आणि सुडो चालायलाच नकार देतं. मग दुरुस्ती रिकव्हरी मोडमधून किंवा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून करावी लागते, आणि एकट्या सुडोची नाही तर तिच्यासारख्या आणखी काही फाइलींची. असा संगणक माझ्याकडे आला तर मी माहिती काढून घेतो आणि नव्याने लिनक्स टाकतो, त्यात कमी वेळ जातो.

रूट खात्याने लॉगिन करण्याबद्दल. उबंटूने 2004 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा पासवर्ड बंद ठेवला आहे आणि मिंटही तेच करतं. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड दिला तर तिथे रूट खातं उघडं राहतं आणि तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. म्हणून डेबियनवर 'तुम्ही सुडोअर्सच्या (सुडोची परवानगी असलेल्यांच्या) यादीत नाही' असा निरोप आला तर तुम्ही काही बिघडवलेलं नाही, टाकतानाच तसं ठरलं. तुमच्या शाळेत मी रूट लॉगिन अजिबात उघडणार नाही. रूटने लॉगिन केलं की ब्राउझर रूट, पेन ड्राइव्हमधलं जे उघडाल ते रूट, निकालपत्रक रूट. आज जे एका खिडकीपुरतं झालं ते दिवसभर सगळीकडे होईल. शिवाय कोणी काय केलं याची नोंद राहत नाही. सुडोने केलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद '/व्हार/लॉग'मधल्या 'ऑथ डॉट लॉग' फाइलीत वेळेसकट असते. दोन शिक्षक एकच संगणक वापरत असतील तर दोघांना वेगळी खाती द्या, मग ही नोंद वाचायला उपयोगी पडते.

सुडो मुळात अशाच जागेसाठी बनलं. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या संगणक विभागात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ते व्हॅक्स-11/750 या यंत्रावर लिहिलं. एक यंत्र, अनेक वापरणारे, आणि रूटचा पासवर्ड सगळ्यांना देता येत नाही, ही अडचण तेव्हाही होती.

मुलांसाठी 'वापरकर्ते आणि गट' या सेटिंगमध्ये वेगळं खातं करा, प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. त्या खात्याला सुडो मिळत नाही. मुलाने काही सॉफ्टवेअर टाकायचा प्रयत्न केला तर चौकटीत तुमचा पासवर्ड मागितला जाईल. तुम्ही जवळ उभे असाल आणि पटलं तर टाका, नाहीतर रद्द करा. काही जण पासवर्डाचा कंटाळा येतो म्हणून सुडोअर्स फाइलीत 'पासवर्ड नको' अशी ओळ घालतात. सध्या त्या वाटेला जाऊ नका. ती फाइल साध्या एडिटरने उघडून तिच्यात एक चूक राहिली तर सुडो संपूर्णच बंद पडू शकतं. ती कधी बदलायचीच झाली तर 'विसुडो' नावाच्या आज्ञेने, कारण ती सेव्ह करण्याआधी लिखाण तपासते.

पण मुलांना सुडो दिलं नाही म्हणजे काळजी मिटली असं समजू नका. जानेवारी 2021 मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी सुडोमधलंच एक भगदाड उघड केलं. ते 2011 पासून तिथे होतं आणि सुडोचा हक्क नसलेल्या साध्या खात्यालाही त्यातून रूट होता येत होतं. वर्षभराने, जानेवारी 2022 मध्ये, त्यांनीच पोलकिटच्या 'पीकेएक्झेक' आज्ञेत तसंच दुसरं भगदाड दाखवलं, ते 2009 पासूनचं. दोन्हींची दुरुस्ती मिंट 19.3 ला मिळालेली आहे, कारण त्या वेळी ती आवृत्ती सांभाळात होती. तुमच्या संगणकांवर ती पोचली का, हे अपडेट कधी केलं होतं त्यावर आहे. देणगीचे संगणक म्हणजे बहुधा कपाटात पडून होते, तेव्हा आधी अपडेट मॅनेजर उघडून मागचं सगळं ओढून घ्या.

हे करताना लाईटचं वेळापत्रक बघून करा, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. सुडोने चाललेलं अपडेट मध्येच लाईट गेल्याने तुटलं तर पुढच्या वेळी सॉफ्टवेअर टाकताना 'डीपीकेजी (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबलं' अशा अर्थाचा निरोप येतो. तेव्हा 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' लिहा, अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे होतं, आणि मग 'सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल' ('फिक्स-ब्रोकन' सलग). जवळजवळ नेहमी एवढ्यावर निभावतं. इन्व्हर्टर असेल तर अपडेटचा संगणक त्याच्यावर घ्या, बाकीचे राहू द्या.

शेवटी आवृत्तीचं. मिंट 19.3 चा सांभाळ एप्रिल 2023 मध्ये संपला, म्हणजे आता त्याला नव्या दुरुस्त्या येत नाहीत. 32-बिट संगणकांवर चालणारं ते मुख्य मिंटचं शेवटचं, म्हणून कुणीतरी ते टाकलं असावं. पण तुमची यंत्रं खरंच 32-बिट आहेत का ते तपासा. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' लिहा, सुडो न लावता. 'सीपीयू ऑप-मोड' या ओळीत 64-बिटही दिसलं तर नवं मिंट टाकता येईल, बशर्ते रॅम निदान दोन जीबी असावी आणि चार असेल तर बरं. कोअर 2 ड्युओ असेल तर ते 64-बिटच आहे, जुनी विंडोज 32-बिट होती म्हणून कुणी तपासलंच नसेल. ओळीत फक्त 32-बिट असेल तर मिंटचंच, पण डेबियनवर उभं असलेलं एलएमडीई 6 घ्या, ते 32-बिटवर चालतं. पुढचं एलएमडीई 7 घेऊ नका, त्यात 32-बिट काढून टाकलंय. आणि काहीही टाकण्याआधी निकालपत्रक पेन ड्राइव्हवर घ्या. त्या नकलेला सुडो लागणार नाही. लागलं, तर वरची चोनची आज्ञा अजून पूर्ण लागू झालेली नाही असं समजा आणि 'एलएस डॅश एलए' पुन्हा बघा.